न मेलेल्या नबीचा उरूस

पेणच्या बाजारात पोहे घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "कशाला हवेत?" प्रश्न रास्त असतो. फोडणीला जाड, दडप्यांना पातळ, चिवड्याला त्याहून पातळ. माझं माहेर पेणचं, त्यामुळे ही उत्तरं मला पाठ होती. लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा शेजारच्या काकींनी त्यात एका उत्तराची भर घातली. मी माहेरी निघाले की त्या दारातूनच हाक मारायच्या, "पेणला चाललीस ना? येताना दोन किलो पोहे आण गं. मलिद्याला हवेत."

मलिदा हा शब्द मला फक्त वर्तमानपत्रातला ठाऊक. ठेकेदारांनी लाटलेला, पुढाऱ्यांनी खाल्लेला. काकींच्या मलिद्याला पोहे लागतात आणि तो एलियाहू हन्नाबीच्या नावाने होतो, हे कळायला एक पूर्ण सकाळ त्यांच्या स्वयंपाकघरात काढावी लागली.

काकी मूळच्या रोह्याच्या. बोली अस्सल कुलाब्याची, म्हणजे आताच्या रायगडची, धर्म यहुदी. त्यांचे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे इस्राएलची लेकरं. गाव काही विचारायचं कारण नाही, आडनावातच सगळा रायगड जिल्हा मांडलेला असतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, केहिमकर, झिराडकर, चेऊलकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत. परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांची प्रजा पुढे गावोगाव पसरली. पोथ्या समुद्रात गेल्या. उरला एक 'शमा', देव एकच असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना, आणि काही नेम. शनिवारी घाणा बंद ठेवायचा हा त्यातला एक. धंदा तेलाचा, म्हणून कोकणाने त्यांना नाव दिलं शनवार तेली.

तर ती सकाळ. काकींच्या मुलीची मेंदी होती. काकींनी पोहे रोवळीत घेतले, भरभर पाणी ओतलं आणि रोवळी कलती करून ठेवली. "भिजवायचे नाहीत. भिजल्यासारखे करायचे," त्या म्हणाल्या. मग ओलं खोबरं, साखर, वेलची, थोडं जायफळ, काजू, बदाम, बेदाणे. सगळं बोटांच्या टोकांनी कालवायचं. तळवा लागला की लगदा होतो. गॅसवर काहीच चढलं नाही. मी आगाऊपणा करून विचारलं, "काकी, थोडं दूध शिंपडलं तर मऊ नाही का राहणार?" त्या हसल्या. "अगं, मग नंतर मटण कसं वाढू?" यहुदी पंगतीत दूध आणि मांस एकत्र चालत नाही. म्हणून या लोकांच्या रांधण्यात दुधाची सगळी कामं नारळ करतो. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध आटवून त्यांचा चिकाचा हलवा होतो तोही याच हिशेबाने. धर्माची अट मोझेसची, ती पाळायची सोय वाडीतल्या माडाची.

मोठ्या ताटात पोह्यांचा डोंगर रचला. भोवती केळी, सफरचंद, संत्री, चिकू, खजूर. वर गुलाबाचं फूल आणि सब्ज्याची एक काडी. संध्याकाळी टोप्या घातलेले दहा-बारा पुरुष ताटाभोवती बसले. हिब्रू प्रार्थना सुरू झाली आणि मग एका गाण्याने सगळ्या खोलीचा आवाज एक झाला. त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. एलियाहू हन्नाबी. हिब्रूत 'ह' हे नुसतं बोट दाखवणं आणि नाबी म्हणजे संदेष्टा. तो संदेष्टा एलियाहू, एवढाच अर्थ. मराठी बायबलातला एलीया तो हाच, आणि कुराणातला इलियासही हाच.

गाणं संपलं आणि फळांवर आशीर्वाद म्हणायला सुरुवात झाली. इथे मी खरी चकित झाले. सगळ्या फळांना एकच मंत्र नाही. झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतून येणाऱ्या पिकाला वेगळा, सुगंधाला आणखी वेगळा. खजूर, सफरचंद, संत्रं झाडाच्या रांगेत. केळं मात्र जमिनीच्या रांगेत! कारण केळीला लाकडाचं खोड नसतं, ती दर खेपेला घड देऊन मरते आणि बुडातून नवा कोंब येतो. शास्त्रार्थाने ती झाड नव्हेच. वनस्पतिशास्त्रही तिला गवतासारख्या औषधींत बसवतं. आमच्या परसात डझनभर केळी होत्या, दर वर्षी त्यांचे कोंब आम्हीच काढून लावायचो, पण केळ हे झाड नाही हे मला कधी सुचलं नव्हतं. ते ठाण्यातल्या एका हॉलमध्ये, एका हिब्रू वाक्याने सांगितलं. त्या वाक्याला हिब्रूत बेराखा म्हणतात. आपली बरकत तिचीच अरबी बहीण, धातू एकच.

मलिदा हा शब्द फारसी. मूळ अर्थ मळलेलं, चोळलेलं. पोळी चुरायची, तूप-गूळ घालून मळायची आणि दर्ग्यात पिराला चढवायची, तो मूळचा मलिदा. बेने इस्राएलांनी शब्द घेतला आणि पोळीच्या जागी पोहे आणले. काही जाणते हे ताट जेरुसलेमच्या मंदिरातल्या धान्यार्पणाची आठवण मानतात. काही अभ्यासकांना त्यात आपला प्रसाद दिसतो, काहींना दर्गा. मला विचाराल तर तिघांचंही खरं असायला हरकत नाही. ताट मोठं आहे.

पण मेंदी हा मलिद्याचा एक प्रसंग झाला. नवस फिटला, आजारी माणूस उठून बसलं, नवं घर घेतलं, पोराला नोकरी लागली, व्हिसा आला, की मलिदा. आणि वर्षातून एकदा ठरलेला दिवस असतो. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीवला छापून निघाला. त्यात कोकणातल्या यहुदी सणांची मराठी नावं आहेत. ती मी एकदा वाचायला घेतली आणि हातातला चहा गार झाला. खिरीचा सण. शिळा सण. होळीचा सण. अनाशी ढाकायचा सण. दरफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस. जग त्याला योम किप्पूर म्हणतं. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या शोकाच्या उपासाला नाव काय, तर बिरड्याचा रोजा! वालाचं बिरडं रोह्या-पेणच्या माणसाच्या किती आत शिरलेलं असतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आणि याच यादीत शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवसापुढे नाव आहे, एलियाहू हन्नाबीचा उरूस.

या नावाशी जरा थांबायला हवं. उरूस कोणाचा असतो? पिराचा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लग्न. सूफी माणसाला मृत्यू म्हणजे परमेश्वराशी मीलन वाटतो, म्हणून पुण्यतिथीच्या दिवशी उरूस. आता एलियाहूची गोष्ट पाहा. तो मेलाच नाही. शिष्य एलीशाबरोबर चालत असताना अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मध्ये आले आणि वावटळीतून तो जिवंतपणी वर गेला. खाली पडला तो फक्त झगा, तो शिष्याने उचलला. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनावर बीज साजरी करणाऱ्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. पण ज्याला पुण्यतिथी नाही त्याचा उरूस भरवायचा, हे मात्र फक्त कुलाबा जिल्ह्यात सुचू शकतं.

अलिबागजवळ खंडाळे गावाच्या बाजूला एक कातळ आहे. त्यावरच्या खोलगट खुणा म्हणजे त्या रथाच्या घोड्यांच्या टापा आणि चाकांच्या रेघा, अशी श्रद्धा आहे. नबी कोकणात येऊन आपल्या लोकांना भेटून इथूनच पुन्हा वर गेला, म्हणून. उरुसाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून गाड्या करून कुटुंबं कातळाशी जातात, ताट मांडतात, गातात आणि सोबत आणलेले डबे सोडून जेवतात.

हा दिवस कोणता, हे सांगायला यहुदी पंचांग उघडावं लागतं. जग त्याला तू बिश्वात म्हणतं. यातला 'तू' म्हणजे आपला तू नव्हे. हिब्रूत अक्षरांनी आकडे लिहितात. दोन अक्षरं मिळून पंधरा होतात आणि ती सलग वाचली की 'तू' ऐकू येतं. शेवातची पंधरा तारीख. झाडांचं नवं वर्ष. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे पंधरावा दिवस पौर्णिमेचाच. २०२४ साली तो २५ जानेवारीला आला, त्या दिवशी आपली पौष पौर्णिमा होती. २०२५ साली १३ फेब्रुवारी. माघ पौर्णिमा आदल्या दिवशी, आणि यहुदी दिवस आदल्या सूर्यास्तालाच सुरू होतो. कधी पौष, कधी माघ, पण पौर्णिमेची सोबत सुटत नाही.

ती सुटत कशी नाही हेही नवलच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. नुसता चंद्र धरला तर सण ऋतूंमधून घसरत जातात, जशी ईद जाते. यहुद्यांनी १९ वर्षांत ७ महिने जादा घालून ही घसरण अडवली. आपल्याकडे अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. हिशेब करून पाहा, १९ वर्षांत ७च बसतात. फरक एवढाच, की त्यांचा जादा महिना दर वेळी एकाच जागी बसतो आणि आपला जागा बदलतो. पौष की माघ हा घोळ त्यातूनच होतो. पोथ्या बुडाल्या, पण वर चंद्र तोच होता आणि शेजारच्या गावाचं पंचांग जवळजवळ तेच.

त्या दिवसांत इस्राएलमध्ये बदामाला फुलं येतात, म्हणून झाडांचं नवं वर्ष. इकडे आंब्याला मोहोर असतो, भातखाचरात भातानंतर टाकलेला वाल भरून आलेला असतो, आणि संध्याकाळी बांधावर भांबुर्ड्याचा पाला कोंबलेलं मडकं उलटं घालून पोपटी लागते. झाडांना मान द्यायला रोह्याच्या माणसाला वेगळं निमित्त लागत नसावं.

आता सगळ्या नबींमधून कोकणाने एलियाहूलाच का धरलं? तसा तो यहुदी घरात सगळीकडेच पाहुणा असतो. मुलाच्या सुंतेला त्याची खुर्ची रिकामी ठेवतात. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून दार उघडतात. शनिवारी सूर्य मावळला, शब्बाथ संपला, की जगभर त्याचं गाणं होतं. पण जेवणाचं ताट त्याच्या नावाने मांडून नवस फेडणं कोकणातलं. मी त्याची कथा पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला एक जागा थबकवून गेली. दुष्काळ पडलेला. सारफथ गावात एका विधवेकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल उरलंय. पोरासाठी शेवटची भाकरी करायची आणि मरायचं, असा तिचा बेत. एलियाहू म्हणतो, आधी मला कर. ती करते. आणि पाऊस पडेपर्यंत ना पिठाचं मडकं रिकामं होत, ना तेलाची कुपी. ही गोष्ट घाण्यावर बसलेल्या तेल्याने ऐकली असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? याच्यामुळेच हा नबी त्यांचा लाडका झाला असं मी म्हणत नाही. पण तेल न संपवणारा संत तेल्याच्या घरी परका राहील कसा!

पुढचा प्रसंग तर किनाऱ्यावरच्या कोणालाही आपला वाटेल. कर्मेल डोंगरावर एलियाहू गुडघ्यांत डोकं घालून बसलाय. चाकराला सांगतो, समुद्राकडे पाहा. सहा वेळा तो पाहून येतो, काही नाही. सातव्यांदा सांगतो, माणसाच्या तळव्याएवढा ढग समुद्रातून वर येतोय. आणि पाऊस. मेच्या अखेरीला पश्चिमेकडे डोळे लावून बसलेल्या पेणच्या शेतकऱ्याला हे पानच्या पान तोंडपाठ यावं.

कर्मेल म्हटल्यावर रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई आठवतं. तिथल्या कॅथलिक वस्तीत पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली एक बोली अजून बोलतात, आणि चर्च आहे कर्मेल डोंगराच्या मातेचं. कर्मेलच्या नावाने चालणारे साधू-साध्वींचे संघ एलियाहूला आपला आदिपुरुष मानतात. त्याहून गंमत नाताळच्या आधी. ख्रिस्ती घरांत तेव्हा आगमनकाळ असतो, येणाऱ्याची वाट पाहायचे चार आठवडे. त्यातल्या दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी जगभरच्या कॅथलिक चर्चमधून वाचन होतं ते एलियाहूचं: त्याने आधी यायला हवं असं शास्त्री का म्हणतात, असं शिष्य येशूला विचारतात. यहुदी माणूस मसीहाची वाट पाहतो तीही याच्याच वर्दीची. म्हणजे डिसेंबरात कोर्लईला आणि दीड-दोन महिन्यांनी खंडाळ्याला, मधे फारसं अंतर नाही, एकाच माणसाचं नाव निघतं. एकाला वाटतं तो येऊन गेला, दुसऱ्याला वाटतं यायचाय.

बेने इस्राएलांनी शेजाऱ्यांकडून उरूस आणि रोजा घेतले, सिनेगॉगला मशीद म्हटलं. १७९६ साली मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं पहिलं सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जातं. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं म्हणतात. १८८०च्या सुमारास बिन्यामीन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी यहुदी कीर्तन उभं केलं. साकी, दिंडी, अभंगाच्या चालींवर अब्राहाम आणि मोझेसची आख्यानं, शुद्ध मराठीत. अष्टमकर म्हणजे कुंडलिकेच्या पलीकडचं अष्टमी, रोह्याला अगदी लागून. आपल्याकडून इतकं घेऊनही ही माणसं विरघळली कशी नाहीत, हा मला पडलेला प्रश्न. दाविद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला तेव्हा त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली, अशी कथा आहे. खवले आणि पर असलेली, म्हणजे यहुद्यांना चालणारी मासळी त्यांनी रांधायला घेतली, नसलेली बाजूला काढली. रहाबीला ओळख पटली. २०१६ साली जनुकांच्या अभ्यासकांनीही या लोकांत यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर सापडल्याचं लिहिलं. टोपलीने जे सांगितलं त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला, इतकंच.

आता माणसं फारशी उरली नाहीत. १९४८नंतर जहाजं आणि विमानं भरून लोक इस्राएलला गेले. २०११च्या जनगणनेत भारतभरचे सगळे यहुदी मिळून ४,६५० भरले. पेणला, रोह्याला, अलिबागला, रेवदंड्याला सिनेगॉगच्या इमारती आहेत, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला फोनाफोनी करावी लागते. तिकडे दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत मात्र मलिद्याची ताटं लागतात, 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक निघतं, आणि सुट्टीवर आलेली नातवंडं खंडाळ्याच्या कातळावर अनवाणी उभी राहून हिब्रूत फोटोला हसतात.

काकींची ती मुलगी लग्नानंतर अश्दोदला गेली. गेल्या पौषात तिच्याकडे बाळ झालं आणि काकी निघाल्या. बॅगा भरताना त्यांनी मला बोलावलं. मी आदल्या दिवशीच पेणहून आले होते, दोन नव्हे, पाच किलो घेऊन. काकींच्या यजमानांनी वजनकाट्यावर बॅग ठेवली आणि कपाळाला हात लावला. "अहो, तिकडे मिळतात पोहे. दुकानं आहेत आपल्या लोकांची."

काकींनी उत्तर दिलं नाही. पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर पोहे कोरडेच तोंडात टाकले, डोळे मिटून चावले आणि दोन स्वेटर बॅगेतून बाहेर काढले.